पान सोडा, मग बोला

खंडागळे सरांचं नाव आमच्या ऑफिसात आता कुणी घेत नाही. घ्यायचीच वेळ आली तर ‘ते मागचं प्रकरण’ असं म्हणतात. माणसाचं एकदा प्रकरण झालं की त्याची खुशाली विचारायची जबाबदारी कुणावर राहत नाही. मला याचा राग येतो आणि तो झाकून लिहायला मला जमणार नाही. हा राग ऑफिसवर आहे, एका दवाखान्यावर आहे आणि थोडासा खुद्द सरांवरही आहे.

आमची कंपनी औरंगपुऱ्यात, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो: केसपेपर, बिलं, औषधांचा साठा, असलं सगळं. मी टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्या दाखवल्याबद्दल त्यांची वाकडी तोंडं बघायची. सर डेटाबेस सांभाळायचे. सगळी माहिती जिथं साठते आणि जिथून सगळ्यांना मिळते, त्या कोठाराची किल्ली त्यांच्याकडं होती.

उंच, खांद्यात जरासे वाकलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. छावणी भागातल्या घरून जुन्या स्कूटरवर यायचे. आल्या आल्या हेल्मेट टेबलावर उलटं ठेवायचे आणि दिवसभर ती त्यांची परडी असायची. किल्ल्या, रुमाल, चष्म्याचं घर, जेवणाचा डबा, सगळं त्या हेल्मेटात. माणूस खडूस होता, हेही सांगून टाकते. कुणाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला नाही, कुणाला पेन दिलं नाही. चुकलेल्या माणसाला चारचौघांत असं काही बोलायचे की एका मुलीनं रडत रडत राजीनामा लिहिला होता. तो मी फाडायला लावला. मला ते ‘टेस्टिंगबाई’ म्हणायचे. पहिले काही महिने मला ते आवडत नसे, नंतर दुसरं कुणी म्हटलेलं आवडेना.

त्यांच्याकडं काही विचारायला गेलं की स्वागत एका बोटानं व्हायचं. नजर स्क्रीनवर, डावा हात कीबोर्डवर आणि उजव्या हाताची तर्जनी वर. याचा अर्थ थांबा. मालक स्वतः आले तरी बोट वर. हातातलं काम संपलं की बोट खाली यायचं आणि मग एकच शब्द, “बोला.”

हे बोट म्हणजे नुसता तऱ्हेवाईकपणा नव्हता. तो त्यांच्या धंद्यातला नियम होता आणि त्यांनी तो अंगात मुरवून घेतला होता. नव्या पोरापोरींना ते तो चहाच्या वेळेला शिकवायचे. चहावाल्याच्या हातातून ट्रे घ्यायचे आणि तो धरून उभे राहायचे.

“डेटाबेस एकेक ओळ उचलत नसतो. अख्खं पान उचलून मेमरीत आणून ठेवतो. हा ट्रे म्हंजे पान, ग्लास म्हंजे तुमची ओळ. तुम्हाला पाहिजे एकच ग्लास, पण आपल्या या जुन्या सिस्टीममधी कुलूप लागतं अख्ख्या ट्रेला. आता मी ट्रे धरून तुमच्याशी गप्पा मारायलो. बाकीच्यांच्या चहाचं काय होईल?”

“थंड होईल, सर.”

“मग? ट्रे धरायचा, ग्लास घ्यायचा, ट्रे सोडायचा. मेमरीतलं पान सगळ्यांचं असतं. नुसतं वाचायला कितीबी जण या, हरकत नाय. लिहायला एकानंच यायचं, आणि तेवढ्यापुरतंच. पान धरून कुणाची वाट बघायची नाय. डिस्कची नाय, नेटवर्कची नाय, आणि माणसाची तर अजिबात नाय. पान सोडा, मग बोला.”

हे सगळं होईपर्यंत ट्रेमधला चहा खरोखरच थंड झालेला असायचा. ते त्यांच्या कधी लक्षात आलं नाही आणि सांगायची कुणाची टाप नव्हती.

मालकांच्या मुलीच्या लग्नात हा नियम त्यांना भोवला, असं माझं मत आहे. जेवणाच्या रांगेत मालकांचे मेहुणे अभयराव वरणाची पळी हातात धरून कुणाशी तरी फ्लॅटच्या गोष्टी करत होते. मागं रांग तुंबलेली. सरांनी ताट हातात घेऊन थोडा वेळ वाट बघितली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अहो, पळी सोडा, मग बोला.”

“काय म्हणालात?”

“पळी. ती सगळ्यांची हाय.”

रांगेत हशा झाला. अभयरावांनी वरण न घेताच पळी ठेवली. पुढच्या वर्षी हेच अभयराव आमचे मॅनेजर होऊन आले. ती पळी त्यांच्या लक्षात राहिली होती की नाही, याचा माझ्याकडं पुरावा नाही.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढं तो सरांच्याच तोंडून मला पुन्हा ऐकावा लागला. आमच्या ऑफिसखालच्या गल्लीत एका दुपारी दोन रिक्षा समोरासमोर आल्या. बाजूला दुचाक्यांची रांग, त्यामुळं कुणालाच वाट नाही. दोघंही मागं जायला तयार नव्हते, दोघांनी हॉर्न धरून ठेवला होता. सर खिडकीतून बघत होते. मला म्हणाले, “डेडलॉक, टेस्टिंगबाई. ह्याला पाहिजे ती जागा त्यानं धरलीय, त्याला पाहिजे ती ह्यानं. दोघंबी वाट बघत मरतील. अशा टायमाला सिस्टीम काय करती, माहिताय? एकाला बळी देती.”

“कुणाला?”

“ज्याला मागं ढकलणं स्वस्त पडतं त्याला. ज्याचं काम कमी झालंय त्याला.”

आणि खाली उतरून त्यांनी तसंच केलं. एका रिक्षात बाळंतीण आणि तिच्या घरची माणसं होती, दुसरी रिकामी होती. सरांनी रिकाम्याला मागं घ्यायला लावलं. गर्दीनंही त्यांचीच री ओढली. तो रिक्षावाला, पांढऱ्या दाढीचा चाचा, गाडी मागं घेता घेता म्हणाला, “साब, हर बार खाली वालाच पीछे जायेगा क्या?” सर हसले. वर येऊन त्यांनी हा किस्सा सगळ्यांना सांगितला, शिकवायला चांगलं उदाहरण मिळालं म्हणून.

आता मूळ गोष्ट. शहरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्याच्या रक्तपेढीचं काम कंपनीला मिळालं. अभयरावांच्या हाताखालच्या टीमनं तिथली स्क्रीन, म्हणजे क्लार्कसमोर उघडणारा प्रोग्रॅम, घाईघाईत लिहिली. रक्तपेढीला दोन खिडक्या होत्या, एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना. एक दवाखान्यातल्या पेशंटसाठी, दुसरी बाहेरच्या नर्सिंग होममधून येणाऱ्यांसाठी. एका खिडकीवरच्या क्लार्कला दुसऱ्या खिडकीवरचा दिसत नाही. दोघंही बघणार ते स्क्रीनकडं.

क्लार्कनं स्क्रीनवर रक्ताची एखादी पिशवी उघडली की तिला कुलूप लागायचं. मग तो उठून आत जायचा, टेक्निशियनला विचारायचा, रक्त जुळतं का बघायला सांगायचा, वाटेत चहाही घ्यायचा. तोवर कुलूप तसंच. आणि कुलूप त्या एका पिशवीला नाही, ती ज्या पानावर आहे त्या अख्ख्या पानाला. त्यामुळं त्या पानावरच्या सगळ्या पिशव्या अडकायच्या आणि दुसऱ्या खिडकीची स्क्रीन गोठून जायची. पान धरून माणसाची वाट बघायची नाही, असं सर ट्रे धरून सांगत आले होते आणि आमच्याच लोकांनी नेमकं तेच केलं होतं.

सरांनी उपाय लगेच सांगितला. पिशवी उघडताक्षणी तिच्यावर ‘राखीव’ एवढा शेरा लिहायचा आणि कुलूप सोडायचं, मग क्लार्क आत जाऊन हवं तेवढं बोलो. पण त्यासाठी स्क्रीन नव्यानं लिहावी लागणार होती. अभयरावांना तेवढा वेळ द्यायचा नव्हता.

“कुलूपच काढून टाका ना,” ते म्हणाले. “कुलूप न बघता वाचायची सोय असते की.”

“असती,” सर म्हणाले. “साठा किती हाय ते बघायला असती. रक्त द्यायला नसती. दोन्ही खिडक्यांला एकच पिशवी शिल्लक दिसंल. दोघंबी आपापलं नाव लिहितील आणि नंतरचं नाव आधीच्यावर बसंल. पहिल्याला कळायचं बी नाय.”

“असं कितींदा होणार, सर?”

“एकदा झालं की बास झालं की.”

काही दिवस असे ओढाताणीत गेले. मग एका सकाळी सर स्वतः रक्तपेढीत जाऊन आले. परत आले ते खुर्चीत नुसते बसून राहिले. मी जवळ गेले तर बोटही वर झालं नाही.

“लोक काच बडवायलेत, टेस्टिंगबाई,” ते म्हणाले. “माझं बरोबर हाय, पण लोक काच बडवायलेत. एक म्हातारी माझ्याच पाया पडली, मला डॉक्टर समजून.”

त्या दुपारी त्यांनी कुलूप काढलं. अट एकच घातली: स्क्रीन नव्यानं लिहायचं काम उद्यापासून सुरू करायचं, आणि ती झाली की कुलूप परत लावायचं. अभयराव माझ्यासमोर म्हणाले, “शंभर टक्के, सर. तुम्ही काढा, मी आहे.”

दुसऱ्या खिडकीची स्क्रीन पळायला लागली. दवाखान्यानं आम्हाला पेढे पाठवले. सरांनी एकही खाल्ला नाही. त्याच आठवड्यात त्यांना जालन्याच्या नव्या कामावर पाठवलं. तिथून आले की ते विचारायचे, “ती स्क्रीन घेतली का लिहायला?” आणि अभयराव म्हणायचे, “चाललंय ना व्यवस्थित? तक्रार आहे का एक तरी?” तक्रार नव्हती. सर अधूनमधून विचारत राहिले. कधी मेल करून, कधी जिन्यात गाठून. शेवटी शेवटी अभयराव त्यांना बघून फोन कानाला लावायला लागले.

मग ते झालं. ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती. आतल्या खिडकीनं ती एका बाळंतिणीसाठी राखून ठेवली. तेवढ्यात बाहेरच्या खिडकीनं तीच पिशवी एका अपघातातल्या पेशंटच्या नावानं लिहिली आणि पिशवी बाहेर गेली. वरच्या मजल्यावर डॉक्टर निवांत होते, कारण खाली रक्त राखीव होतं. तिचा नवरा ते न्यायला आला तेव्हा पिशवी नव्हती. दुसऱ्या पेढीतून रक्त येईपर्यंत बाळंतीण गेली. तिची नवजात मुलगी वाचली.

रक्त वेळेवर मिळालं असतं तर ती जगली असती का, हे कुणालाच खात्रीनं सांगता आलं नाही. त्या ‘सांगता आलं नाही’वर दवाखाना तरला आणि कंपनीही तरली. फक्त कुणाकडं तरी बोट दाखवायला एक माणूस हवा होता.

दवाखान्याची माणसं, मालक, अभयराव आणि सर असे मीटिंगला बसले. मला दवाखान्यानं काही विचारलं तर माहिती द्यायला म्हणून भिंतीलगत बसवलं होतं.

“कुलूप कुणी काढलं?” मालकांनी विचारलं.

“मी,” सर म्हणाले.

“कुणी सांगितलं म्हणून?”

सरांनी अभयरावांकडं बघितलं. अभयराव फोनमध्ये काहीतरी वाचत होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “माझ्यासमोर अभयरावांनी सांगितलंय. स्क्रीन लिहायचा शब्दही माझ्यासमोर दिलाय.”

“मॅडम,” मालक म्हणाले, “तुम्हाला विचारलेलं नाही.”

मी सरांकडं बघत राहिले, ते आता तरी बोलतील म्हणून. त्यांच्याकडं सगळे मेल होते. त्यांनी ते काढलेच नाहीत. म्हणाले, “सांगितलं कुणीबी असू द्या. हात माझा होता. मला ठाऊक होतं काय होणार ते, आणि मी काढलं.”

माझा सरांवरचा राग तो हा. खरं बोलणं ठीक आहे, पण समोरचे टपून बसलेले असताना निम्मंच खरं बोललं की ते त्यांच्या कामाला येतं. त्याच दिवशी त्यांना काढलं. ‘एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक, सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष नाही,’ असं कंपनीनं दवाखान्याला लेखी दिलं.

जिन्यात मी त्यांच्याशी भांडले. ते हेल्मेट काखेत धरून उभे होते, आत किल्ल्या वाजत होत्या.

“तो चाचा आठवतो का, रिकाम्या रिक्षावाला?” ते म्हणाले. “त्यानं इचारलं होतं, दर वेळेला रिकाम्यानंच मागं जायचं का म्हणून. मी त्याला उत्तर दिलं नाय. हसलो.” मग हेल्मेट दुसऱ्या काखेत घेत, “मालकाचा मेहुणा लई महाग पडतो, टेस्टिंगबाई. दवाखाना बी महाग. आपण पडलो छावणीतले, आपल्या मागं कोण हाय? ते जाऊ द्या. आता तरी ती स्क्रीन लिहायला घ्या म्हणावं.”

स्क्रीन लिहायला घेतली नाही. मी मालकांना विचारलं तर म्हणाले, “दोष नव्हता असं आपण लिहून दिलंय. आता बदल केला तर त्याचा अर्थ काय निघेल?” म्हणजे चूक करणारा गेला होता आणि त्याला घालवल्यामुळंच चूक आता कायमची झाली होती. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगून बघितलं आहे. ते वाचताना जेवढं वेडगळ वाटतं तेवढंच प्रत्यक्षात होतं.

काही दिवसांनी सर ऑफिसखाली आले. स्क्रीन त्यांनी घरी बसून स्वतःच लिहिली होती. वॉचमन त्यांना वर सोडेना, म्हणून मला खाली बोलावून पेनड्राइव्ह दिला. मी तो अभयरावांच्या टेबलावर ठेवला. “बाहेरच्या माणसाचा कोड आपण घेत नाही,” असं म्हणून त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. तो तिथंच असेल.

त्यानंतर मी एकदा छावणीत त्यांच्या घरी गेले. सर नव्हते, त्यांची आई होती. त्या दिवशी पौर्णिमा, म्हणून ती पांढरी साडी नेसून बुद्धविहारात निघाली होती. मला बसवून पाणी दिलं.

“दिवाकर रोज सकाळी डबा घेऊन जातोय,” ती म्हणाली. “नवी नोकरी लागली बाई त्याला. दवाखान्यात. लई जबाबदारीचं काम हाय म्हणतोय, सुट्टी बी घेत नाय.”

मला बरं वाटलं. कुठल्या दवाखान्यात, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते कळलं या उन्हाळ्यात. माझी मावशी जवळच्या एका नर्सिंग होममध्ये होती आणि तिला रक्त लागणार होतं. चिठ्ठी घेऊन मी त्याच रक्तपेढीत गेले, बाहेरच्यांच्या खिडकीवर. क्लार्कनं चिठ्ठी बघितली, स्क्रीनवर पिशवी उघडली, तिचा गट आणि नंबर पुटपुटला आणि उठून आत गेला.

“ओ, आतली खिडकी!” कोपऱ्यावरून आवाज आला. “ती ‘बी निगेटिव्ह’ची पिशवी इकडं उघडलीय. तिला हात लावू नका. थांबा!”

कोपऱ्यावरच्या खांबाला टेकून खंडागळे सर उभे होते. दोन्ही खिडक्या दिसतील अशी ती एकच जागा होती. पायाशी उलटं हेल्मेट, त्यात डबा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत, पण शर्ट आता ढगळ झालेला. माझ्या मागचा एक माणूस वॉचमनला म्हणाला, “ये कौन है? एजंट है क्या?”

“नाय हो,” वॉचमन म्हणाला. “रोज येतो. डोकं फिरलंय म्हणतात. मी बी पहिलं हाकलायचो. पण हा असला की खिडकीवर भांडणं व्हत नाहीत, म्हणून राहू देतो.”

मी हाक मारली. “सर.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नजर आतल्या खिडकीवर होती, आणि उजव्या हाताची तर्जनी वर झाली. मी थांबले. मला खूप बोलायचं होतं. मी अजून त्याच ऑफिसात आहे, अभयराव आता डायरेक्टर झालेत, आई नोकरीचं कौतुक सांगत होती. बोट खाली येईना. तेव्हा मला समजलं की ते धरून उभे होते ती माझ्याच मावशीची पिशवी होती.

बऱ्याच वेळानं क्लार्क परत आला. पिशवी माझ्या हातात पडली, मी सही केली. सरांचं बोट खाली आलं. ते माझ्याकडं वळले, मला ओळखलं आणि म्हणाले, “बोला, टेस्टिंगबाई. लावली का ती स्क्रीन?”

मी उत्तर देणार तेवढ्यात आतल्या खिडकीवर दुसरी पिशवी उघडली आणि बोट पुन्हा वर गेलं.